बधिर करणारी जेली : मात्रा, वेळ आणि दक्षता

आपल्या दवाखान्यातील ड्रेसिंगच्या ट्रेवर कापूस, गॉज, स्पिरिट आणि बीटाडीन यांच्या शेजारी एक ट्यूब नेहमी पडलेली असते. तिच्यावर 'लिग्नोकेन हायड्रोक्लोराइड जेली २ टक्के' असे छापलेले असते. ट्यूब कोणत्याही कंपनीची असो, आपण सारे तिला 'झायलोकेन जेली' याच नावाने ओळखतो. याच औषधाची इंजेक्शनची कुपी आपण कपाटात ठेवतो, तिची मात्रा वजनावर मोजतो, रुग्णाला पूर्वी कधी भूल दिली होती काय, हे विचारतो. जेलीबाबत यापैकी काहीही घडत नाही. ती वंगणाच्या खात्यात जमा झालेली आहे. तेलाची धार सोडावी तशी ती सोडली जाते आणि केसपेपरवर तिचा उल्लेखही होत नाही.

प्रस्तुत लेखकाला या वंगणाचा खरा परिचय पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षी झाला. मध्यरात्री लघवी तुंबलेला एक वृद्ध शेतकरी आला होता. प्रोस्टेटची गाठ, पोट बेंबीपर्यंत फुगलेले, जीव मेटाकुटीला आलेला. मी घाईघाईने कॅथेटरला जेली चोपडली आणि नळी आत सरकवू लागलो. म्हाताऱ्याने माझे मनगट असे धरले की दुसऱ्या दिवशीही बोटांचे वळ दिसत होते. शेजारी उभ्या असलेल्या वयस्क सिस्टरांनी शांतपणे सांगितले, ''डॉक्टर, जेली नळीला लावायची नसते, वाटेत सोडायची असते. आणि मग घड्याळ बघायचं असतं.'' भूलशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाने मला हा विषय इतक्या थोडक्यात शिकवलेला नाही.

एकच नाव, अनेक रूपे

लिग्नोकेन बाजारात किती रूपांत मिळते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे, कारण निम्मे घोटाळे तेथेच होतात. २ टक्क्यांची जेली, २ टक्क्यांचेच पण गिळण्याजोगे घट्ट द्रावण, ४ टक्क्यांचे वरून लावण्याचे द्रावण, ५ टक्क्यांचे मलम, १० टक्क्यांचा फवारा, आणि १ व २ टक्क्यांची इंजेक्शने. औषधविक्रेत्याकडे 'झायलोकेन द्या' एवढेच सांगून पाठवलेला वॉर्डबॉय यांपैकी काय घेऊन येईल, याचा नेम नाही. म्हणून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, टक्केवारी आणि रूप ही तिन्ही लिहिण्याची सवय ठेवावी.

टक्केवारीवरून मिलिग्रॅम काढण्याची युक्ती अगदी सोपी आहे. टक्क्यांच्या आकड्याला १० ने गुणावे, म्हणजे एका मिलिलिटरमधील मिलिग्रॅम मिळतात. २ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम, ४ टक्के म्हणजे ४०, १० टक्के म्हणजे १००. या हिशेबाने ३० ग्रॅमच्या एका ट्यूबमध्ये ६०० मिलिग्रॅम लिग्नोकेन असते. मोजून फवारा सोडणाऱ्या १० टक्क्यांच्या बाटलीतून प्रत्येक दाबाला १० मिलिग्रॅम बाहेर पडतात.

आता हाच आकडा दुसऱ्या बाजूने पाहावा. ॲड्रिनॅलीनविना लिग्नोकेन टोचायचे झाल्यास दर किलोमागे ३ ते ४.५ मिलिग्रॅम आणि एकूण ३०० मिलिग्रॅम, ही मर्यादा आपणा सर्वांना पाठ आहे. आपल्या भागातील ऊसतोडीला किंवा तुरीच्या राशीला जाणारा वृद्ध मजूर पंचेचाळीस किलोंचा असतो. त्याच्यासाठी पूर्ण ट्यूब म्हणजे किलोमागे १३ मिलिग्रॅमहून अधिक. टोचण्याच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट औषध त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या ट्यूबमध्ये आहे. जेलीच्या माहितीपत्रकात प्रौढ माणसाला १२ तासांत जास्तीत जास्त ६०० मिलिग्रॅम, अशी कमाल मर्यादा दिलेली असते, ती सगळे औषध रक्तात शोषले जात नाही या गृहीतावर. ते गृहीत केव्हा कोसळते, हाच या लेखाचा गाभा आहे.

जिभेपासून सुरू झालेली गोष्ट

वरून लावून बधिर करण्याची कला फार जुनी नाही. १८८४ साली व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे दाखवून दिले. हायडेलबर्गच्या परिषदेस जाण्याइतके पैसे त्यांच्यापाशी नव्हते, म्हणून त्यांचा निबंध दुसऱ्याने वाचला. कोकेनचे व्यसन आणि विषबाधा यांमुळे पर्यायाचा शोध सुरू राहिला. १९३० च्या दशकात स्टॉकहोममध्ये बार्लीच्या रोपांतील रसायनांचा अभ्यास चालू असताना प्रयोगशाळेत तयार झालेला एक पदार्थ संशोधकाने चाखून पाहिला आणि त्याची जीभ बधिर झाली. त्याच धाग्यावरून पुढे जात निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये बेंग्ट लुंडक्विस्ट यांच्या साह्याने लिग्नोकेन घडवले आणि १९४८ मध्ये ते बाजारात आले. जिभेच्या बधिरतेतून ज्याचा शोध लागला, त्याची मात्रा रक्तात वाढू लागली की पहिली खूण बहुधा जिभेवरच उमटते. त्याविषयी पुढे येईलच.

येथे आपल्याच प्रांतातील एका प्रकरणाची आठवण देतो. बीदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मविषयी दोन आयोग भरवले. दुसऱ्या आयोगासाठी निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले आणि 'लॅन्सेट'च्या वतीने लॉडर ब्रंटन विलायतेहून आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा निघाला की, क्लोरोफॉर्म हृदयावर थेट घाला घालत नाही, श्वासावर लक्ष ठेवले म्हणजे झाले. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी याच हैदराबादेत क्लोरोफॉर्म देत होत्या, ही अभिमानाची बाब. परंतु आयोगाचा निष्कर्ष चुकीचा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी हलक्या क्लोरोफॉर्मखाली ॲड्रिनॅलीनमुळे हृदयाची जवनिका विस्कटून मृत्यू येतो, हे सप्रयोग दाखवले. लॉरी अप्रामाणिक नव्हते, निष्काळजीही नव्हते. त्यांच्या हातून हजारो रुग्ण सुखरूप गेले होते आणि त्या अनुभवानेच त्यांना निर्धास्त केले होते. 'मी इतकी वर्षे वापरतो, कधी काही झाले नाही' हे वाक्य जेलीसंबंधी मी अनेक व्यवसायबंधूंच्या तोंडून ऐकतो, तेव्हा मला लॉरीसाहेब आठवतात.

पृष्ठभाग कोणता, यावर सारे अवलंबून

लिग्नोकेन चेतातंतूच्या आवरणातील सोडियमच्या वाटा बंद करते, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे जात नाही. मात्र तिथवर पोहोचण्यासाठी औषधाला आधी पृष्ठभाग ओलांडावा लागतो. धड त्वचेचा वरचा शुष्क थर त्याला आत येऊ देत नाही. म्हणून सलाइनची सुई टोचण्यापूर्वी हाताच्या पाठीवर जेली चोळणे, हा आपल्याकडे दिसणारा प्रकार निरुपयोगी आहे. रुग्णाला थंडावा वाटतो, इतकेच. तोंड, नाक, घसा, मूत्रमार्ग, गुदमार्ग यांची श्लेष्मल त्वचा मात्र औषध आत घेते आणि तेथे ३ ते ५ मिनिटांत परिणाम सुरू होतो. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असल्याने औषधाचा जो अंश तंतूच्या आत शिरू शकतो, तो घटतो. बधिरता नीट येत नाही. अशा वेळी आणखी जेली, आणखी जेली असे करीत राहणे धोक्याचे असते, कारण सुजलेल्या जागी रक्तपुरवठा भरपूर असतो. वेदना थांबत नाही आणि औषध मात्र रक्तात उतरत राहते.

शोषणाचा वेग प्रत्येक जागी वेगळा. श्वासनलिकेतून तो सर्वांत जलद, जवळजवळ शिरेतून दिल्यासारखा. धड मूत्रमार्गातून कमी. पण तोच मूत्रमार्ग नळीच्या धक्क्यांनी खरचटला, रक्त येऊ लागले, की सारे गणित बदलते. मूळव्याध, भेगा, भाजलेली किंवा सोललेली जागा, यांनाही हेच लागू. रक्तात गेलेले लिग्नोकेन बहुतांशी यकृतात मोडले जाते. निरोगी माणसात दीड-दोन तासांत ते निम्मे होते. यकृत बिघडलेले असेल, हृदय दुर्बल असेल, किंवा रुग्ण प्रोप्रॅनोलॉल वा सिमेटिडीन घेत असेल, तर हा काळ लांबतो. हृदयाच्या वहनात अडथळा असलेल्यांबाबत आणि ठोक्यांची औषधे चालू असलेल्यांबाबत हात आखडताच ठेवावा.

कॅथेटर घालताना

रोजच्या व्यवहारातील हा सर्वांत मोठा उपयोग असल्याने तो जरा सविस्तर सांगतो. पुरुष रुग्णात स्वच्छता झाल्यावर ट्यूबचे किंवा सुई नसलेल्या निर्जंतुक सिरिंजचे टोक मूत्रमार्गाच्या तोंडाशी हलके टेकवून १० ते १५ मिलिलिटर जेली सावकाश आत सोडावी. १५ मिलिलिटर म्हणजे ३०० मिलिग्रॅम, अर्धी ट्यूब. रुग्ण कृश असेल तर १० मिलिलिटरवर थांबावे. सोडण्याचा वेग महत्त्वाचा आहे. जोराने दाबल्यास जेलीच दुखवते. नंतर शिश्नाच्या टोकाशी गॉजने हलका दाब देऊन जेली आत राहू द्यावी आणि थांबावे. किमान ५ मिनिटे, जमल्यास १०. ही पाच मिनिटे कोणालाच परवडत नाहीत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण आखडलेला रुग्ण, निसटणारी नळी, दुसरा प्रयत्न, तिसरा प्रयत्न, रक्त आणि नंतरचा ताप यांचा वेळ जमेस धरला, तर पाच मिनिटे स्वस्तच पडतात. तेवढ्या अवधीत रुग्णाशी बोलावे, त्याची औषधे विचारावीत, पेपर लिहावा. (आणि नळी घालून झाल्यावर मागे सारलेली त्वचा पुढे आणण्यास विसरू नये. हा जेलीचा विषय नव्हे, पण विसरणारे पुष्कळ आहेत.)

स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग आखूड असतो. ३ ते ५ मिलिलिटर पुरतात. प्रतीक्षा मात्र तितकीच करावी.

पहिल्या प्रयत्नात नळी गेली नाही आणि रक्त दिसले, तर ट्यूबचा उरलेला अर्धा भाग ओतून पुन्हा जोर करणे, ही सर्वांत धोक्याची पायरी होय. तेथे थांबून मूत्ररोगतज्ज्ञास दूरध्वनी करावा. मोटारसायकलच्या अपघातात कमरेचे हाड मोडलेल्या, मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त असलेल्या रुग्णास तर जेलीही नको आणि नळीही नको. आधी मूत्रमार्गाचा क्ष-किरण तपास झाला पाहिजे.

प्रॉक्टोस्कोपीत बोट व उपकरण यांवर जेली लावून लगेच तपासणी करण्याची रूढी आहे. तेथेही दोन-तीन मिनिटांच्या विलंबाने रुग्णाचा चेहरा पालटतो. तीव्र भेग असलेल्या रुग्णाची तपासणी जेलीच्या भरवशावर रेटू नये. निदान बहुधा नुसत्या निरीक्षणाने होते.

नाकातून रायल्स ट्यूब घालताना नाकपुडीत थोडी जेली सोडून थांबल्यास त्रास कमी होतो. घसा बधिर करून केलेल्या कोणत्याही तपासणीनंतर किमान एक तास रुग्णास पाणीसुद्धा देऊ नये. बधिर घशात घोट कोठे जातो, हे रुग्णाला कळत नाही. 'चहा तरी घेऊ द्या' म्हणणाऱ्या नातलगांना हे कारण समजावून सांगितले की ते ऐकतात. एंडोस्कोपीपूर्वी घट्ट द्रावणाच्या गुळण्या आणि वर फवारा, असे दोन्ही वापरले जाते, तेव्हा दोहोंची बेरीज मांडावी. सगळी रूपे मिळून रक्तात एकच लिग्नोकेन जाते.

श्वासनलिकेत घालण्याच्या नळीला जेली लावण्याविषयी आम्हा भूलतज्ज्ञांतच मतभेद आहेत. माझे मत स्पष्ट आहे. ती घसादुखी टाळते असे मानण्यास आधार नाही, आणि नळीच्या आत शिरलेली जेली वाळून पोकळी अरुंद करू शकते, असा इशारा माहितीपत्रकातच असतो. मी लावीत नाही.

ट्यूबची स्वच्छता

झाकण उघडले की ट्यूबचे निर्जंतुकत्व संपले. असे असता एकाच ट्यूबचे तोंड सकाळपासून चार-पाच रुग्णांच्या मूत्रमार्गास लागते, हे दृश्य आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे उदगीर-उमरग्यातही मी पाहिले आहे. मूत्रमार्गात घालायची असेल तर एका रुग्णास एक ट्यूब, हाच नियम. ट्यूब महाग नाही. मूत्रसंसर्गावर लागणारे प्रतिजैविक महाग आहे. बाह्य तपासणीसाठी तीच ट्यूब पुन्हा वापरायची झाल्यास जेली आधी निर्जंतुक गॉजवर काढावी, ट्यूबचे तोंड कोठेही टेकू देऊ नये, आणि उघडल्याची तारीख लिहून ठेवावी. ट्यूब संपल्यावर सोनोग्राफीच्या बाटलीतील जेल वापरण्याची शक्कल कोणी लढवू नये. ते जेल निर्जंतुक नसते. २०२१ मध्ये अमेरिकेत अशाच जेलमध्ये बर्खोल्डेरिया जिवाणू आढळल्यामुळे ते बाजारातून मागे घ्यावे लागले.

सिरिंजमध्ये जेली भरणे सोयीचे खरे, पण भरलेल्या सिरिंजवर लेबल नसेल तर ती शिरेत जाण्याचा धोका आहे. लेबल नसलेली सिरिंज ट्रेवर ठेवूच नये. काही तयार जेलींत क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशकही मिसळलेले असते. त्याची तीव्र ॲलर्जी क्वचित होते, पण झाल्यास जीवघेणी ठरू शकते. लिग्नोकेनची स्वतःची ॲलर्जी अत्यंत विरळ. रुग्ण जिला 'भुलीची ॲलर्जी' म्हणतो, ती पुष्कळदा जेलीतील परिरक्षक द्रव्याची असते, किंवा दात काढताना भीतीने आलेली चक्कर असते. तरीही विचारावे आणि लिहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट आपल्या उन्हाची. मे महिन्यात कलबुर्गीचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. शिबिराला नेलेला औषधांचा खोका गाडीच्या डिकीत दिवसभर राहिला, तर आतल्या जेलीवर विसंबू नये.

मुले

दहा किलोंच्या मुलाला लिग्नोकेनची कमाल मात्रा ४.५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ४५ मिलिग्रॅम. जेलीच्या भाषेत सव्वादोन मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याच्या निम्म्याहून कमी. फवाऱ्याचे चार दाब म्हणजे ४० मिलिग्रॅम. पाचवा दाब मर्यादेबाहेर. मुलाच्या बाबतीत जेली हाती घेण्यापूर्वी वजनकाटा आणि कागद हाती घ्यावा, असे मी सुचवतो.

दात येताना किरकिर करणाऱ्या तान्ह्याच्या हिरड्यांना 'बधिर करणारे जेल' चोळण्याची पद्धत शहरांतून आता खेड्यांतही आली आहे. हे सर्वथा बंद झाले पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये लिग्नोकेनच्या घट्ट द्रावणावर सर्वोच्च दर्जाचा इशारा छापणे बंधनकारक केले. त्यामागे पाच महिने ते साडेतीन वर्षे वयाच्या बालकांना गंभीर इजा झाल्याच्या २२ नोंदी होत्या आणि त्यांत मृत्यूही होते. मूल लाळेबरोबर औषध गिळते, आई दर तासाला पुन्हा लावते, आणि मोजणारे कोणीच नसते. बेन्झोकेन असलेल्या जेलने रक्तातील हिमोग्लोबिनच बिघडते, ते वेगळेच. थंड, स्वच्छ कापड चघळायला द्यावे, हिरडीवर बोट फिरवावे. आजीचा हा उपाय येथे औषधापेक्षा चांगला आहे.

धड त्वचा बधिर करायची असेल तर लिग्नोकेन आणि प्रिलोकेन यांचे प्रत्येकी अडीच टक्क्यांचे मिश्रमलम असते. ही दोन घनद्रव्ये योग्य प्रमाणात मिसळली की खोलीच्या तापमानालाच वितळून तेलकट होतात आणि त्वचेत उतरतात. जाड थर लावून, वर चिकटपट्टी बंद करून एक तास थांबावे लागते. तीन महिन्यांखालील बाळाला फक्त १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटर जागेवर, एक तासच. तीन ते बारा महिन्यांत, पाच किलोंवरच्या बाळाला २ ग्रॅमपर्यंत. प्रिलोकेनमुळे मेथेमोग्लोबिन तयार होते आणि तान्ह्या बाळांत ते परतवणारे विकर अपुरे असते. सल्फा किंवा डॅप्सोन घेणाऱ्या रुग्णांतही हाच धोका वाढतो. कुष्ठरोगाच्या उपचारात डॅप्सोन आजही आहे, म्हणून आपल्या भागात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ओठ निळसर पडले, प्राणवायू देऊनही ऑक्सिमीटर ८५ च्या आसपासच अडकला, आणि काढलेले रक्त चॉकलेटी दिसले, तर निदान तेथेच झाले. मिथिलिन ब्ल्यू किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम शिरेतून सावकाश, पाच मिनिटांत द्यावे. ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज या विकराची उणीव असलेल्यांना मात्र ते देऊ नये.

सौंदर्योपचारांचे पेवही आता आपल्या शहरांत फुटले आहे. २००७ मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने जाहीर केलेल्या सूचनेत २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींच्या मृत्यूचा उल्लेख होता. लेसरने केस काढण्यापूर्वी त्यांनी दुकानात तयार केलेले तीव्र मलम दोन्ही पायांना लावून वर प्लास्टिक गुंडाळले होते. झटके आले, बेशुद्धी आली आणि त्या वाचल्या नाहीत. मोठी जागा, तीव्र मलम, वर आच्छादन आणि उष्णता असे चौघे एकत्र आले की त्वचेची भिंतही टिकत नाही.

डोळ्याविषयी एकच वाक्य. तुरीच्या मळणीत डोळ्यात कुसळ गेलेल्या मजुराची तपासणी बधिर करणाऱ्या थेंबांनी जरूर करावी, पण ती बाटली त्याला घरी कदापि देऊ नये, बुबुळ झिजून दृष्टी जाते.

विषबाधेची चाहूल आणि पुढे

लिग्नोकेन रक्तात वाढू लागले की प्रथम ओठ व जीभ बधिर होतात, तोंडात धातूची चव येते, कानात आवाज होतो, भोवळ येते. रुग्ण असंबद्ध बोलू लागतो किंवा एकाएकी गप्प होतो. पाठोपाठ स्नायू फुरफुरतात, आकडी येते, श्वास मंदावतो, रक्तदाब कोसळतो आणि हृदयाची लय बिघडते. पहिल्या खुणा फक्त रुग्णच सांगू शकतो, म्हणून त्याला त्या त्याच्या भाषेत विचाराव्या लागतात. आपल्या बाह्यरुग्ण विभागात तीन भाषा नांदतात. ''जिभेला मुंग्या आल्यात का? कानात घूं घूं होतंय का?'' हे मराठीत ठीक. कन्नड आजीला ''नालिगी जोमु हिडिदद एनु? किव्याग गुंय् अंतद एनु?'' असे विचारावे, आणि दख्खनी बोलणाऱ्या चाचांना ''जीभ सुन हो रई क्या?'' 'काही त्रास होतोय का' या मोघम प्रश्नाला आपली माणसे भिडेपोटी 'नाही' असेच उत्तर देतात.

चाहूल लागताच उरलेली जेली पुसून वा धुऊन काढावी, मदतीस हाक मारावी, प्राणवायू सुरू करून श्वासमार्ग सांभाळावा. आकडी आल्यास मिडॅझोलॅम द्यावे. रक्तदाब ढासळलेला असताना प्रोपोफॉलच्या मोठ्या मात्रा टाळाव्यात. हृदय थांबल्यास पुनरुज्जीवन नेहमीप्रमाणे सुरू करावे, परंतु ॲड्रिनॅलीनची मात्रा किलोमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नको. आणि गंभीर लक्षणे दिसताच २० टक्क्यांचे स्निग्ध द्रावण, म्हणजे अतिदक्षता विभागात पोषणासाठी वापरतो ते पांढरे इंट्रालिपिड, किलोमागे दीड मिलिलिटर दोन-तीन मिनिटांत शिरेतून द्यावे. त्यानंतर मिनिटाला किलोमागे पाव मिलिलिटर चालू ठेवावे. प्रकृती न सावरल्यास पहिली मात्रा पुन्हा देता येते, परंतु एकूण द्रावण किलोमागे १२ मिलिलिटरच्या आत ठेवावे. पंचेचाळीस किलोंच्या त्या मजुराला पहिली मात्रा साधारण ६८ मिलिलिटर. गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवर दाखवलेला हा उपाय २००६ पासून माणसांत यशस्वी ठरू लागला.

औरादहून बीदर गाठायला चाळीसेक किलोमीटर आहेत, बसवकल्याणहून बीदर किंवा कलबुर्गी याच्या दुपटीने लांब. आकडी आलेला रुग्ण गाडीत घालून निघणे म्हणजे ते अंतर त्याच्या मेंदूवर सोपवणे होय. २० टक्क्यांची इंट्रालिपिडची एक बाटली प्रत्येक तालुक्याच्या गावी, चोवीस तास उघड्या असणाऱ्या एखाद्या रुग्णालयात असावी, ती २५ अंशांखाली पण न गोठवता ठेवावी, आणि ती कोठे आहे हे आपल्या प्रत्येक सभासदाला ठाऊक असावे. मुदत संपण्याआधी तीन महिने ती जिल्ह्याच्या अतिदक्षता विभागाकडे देऊन बदलून घेता येईल, म्हणजे वायाही जाणार नाही. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि आळंद या पाच गावांपासून सुरुवात करणे शक्य आहे.

सावरलेल्या रुग्णाला लगेच घरी धाडू नये. नुसती आकडी येऊन थांबली असेल तर किमान २ तास, आणि हृदयावर परिणाम झाला असेल तर ४ ते ६ तास देखरेखीखाली ठेवावे. त्याच्या पेपरवर जेलीची टक्केवारी, मिलिलिटर आणि वेळ लिहिलेली असेल, तर पुढच्या डॉक्टरला कारण शोधत बसावे लागत नाही.